रस्ता ऐन सिद्रवरूनच जातो

करक, जॉर्डन, ९ एप्रिल

प्रिय सुहैबदादा,

सलाम. इथे सगळे खुशाल. आईचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. झाडांना हिरवे बदाम लागलेत आणि मी ते मीठ लावून खात खात तुला लिहितेय. तुझ्या हँबुर्गात यातलं काय मिळणार! फोन केला असता, पण फोनवर घरचा विषय निघाला की तू "बरं, बरं" करून हवापाण्यावर येतोस. पत्राला तसं करता येत नाही.

आमची सायकल सहल पार पडली. अम्मानची माणसं, चार परदेशी पाहुणे, निम्म्याहून जास्त बायका. दक्षिणेकडच्या गावागावांतून जायचं आणि गावकऱ्यांच्याच घरी मुक्काम करायचा. घरं ठरली, पंक्चरवाला ठरला, सामानाच्या गाडीला चालक मात्र मिळेना. महिनाभर बाबांचं एकच चाललं होतं, "बायकांना सायकलवर चढवलंस, आता शेळ्यांनाही चढव." आणि निघायच्या सकाळी बघते तर आपली जुनी पिकअप धुऊन दारात उभी. म्हणाले, "या शहरी लोकांना वाटेत पाणी कोण पाजणार? तू?"

दादा, तू बघायला हवं होतंस. प्रत्येक चढाच्या माथ्यावर ते आमच्या आधी हजर, हातात पाणी आणि मीठ लावलेल्या काकड्या. दमून मागे पडलेल्या एका बाईंना म्हणाले, "ताई, या चढावर माझं गाढव रडायचं. तुम्ही निदान हसताय!" त्या बाईंनी पुढचा चढ सायकलवरून न उतरता पार केला. मला बाबांचा फार अभिमान वाटला.

एक गोष्ट मात्र मी त्यांना विचारलीच नव्हती. ऐन सिद्र गाव टाळून मी रस्ता टेकडीवरून वळवला होता. का, ते तुला ठाऊक आहे. मैसूनशी तुझं लग्न आठवड्यावर आलेलं, मांडव घातलेला, आणि तू विमानात बसलास. तेव्हापासून बाबांनी त्या गावात पाय ठेवला नाही, घरात तुझं नाव काढलं नाही. गंमत बघ, सारा मुलूख त्यांना अबू सुहैब, सुहैबचा बाप, म्हणूनच हाक मारतो. फक्त मैसूनचे वडील, अबू नायिफकाका, बाजारात समोर आले की कोरडं "हाजी" म्हणून पुढे जात.

टेकडीच्या फाट्यावर तेच काका काठी आडवी धरून उभे.

"कोण म्हणालं गं पोरी, माझ्या घरातली कॉफी संपली? इतके पाहुणे माझ्या दारावरून तसेच नेतेस?"

मी शरमेने गार पडले. इथली पोर मी, आणि पाहुण्यांना गावाबाहेरून न्यायला निघाले! मागे वळून पाहिलं. बाबा गाडीतून उतरले होते.

"रस्ता ऐन सिद्रवरूनच जातो," ते म्हणाले. "चला."

बैठकीत काकांनी स्वतः कॉफी ओतली आणि पहिला पेला बाबांना दिला. बाबांनी तो ओठांना लावला नाही. पुढ्यात जमिनीवर ठेवला.

"कॉफी आवडली नाही का त्यांना?" इटलीच्या पाहुणीने मला विचारलं. मी तिच्या कानात सांगितलं, "त्यांना काही मागायचंय. यजमानाने हो म्हटल्याशिवाय ते पिणार नाहीत. आणि नाही म्हटलं, तर तसेच उठून जातील." मला वाटलं, आमच्यासाठी मुक्काम मागतायत.

"बोल, हाजी," काका म्हणाले.

"मला एक मुलगा आहे," बाबा म्हणाले. "तुझ्या दारात त्याने फार वाईट केलं. तो कधी परत आला, तर त्याला हे गाव चुकवून जावं लागू नये. एवढंच."

काका खाली मान घालून किटलीकडे बघत बसले. तेवढ्यात आतल्या दाराआडून मैसूनचा आवाज आला, "बाबा, त्यांची कॉफी गार होतेय."

काकांनी मान वर केली. "पी, अबू सुहैब," ते म्हणाले.

बाबांनी एका घोटात पेला रिकामा केला. त्यांचे डोळे मी पाहिले, ते लिहीत नाही.

मैसून आता तिथल्या शाळेची मुख्याध्यापिका आहे, दोन मुलांची आई. नंतर तिने माझी सायकल घेऊन अंगणात झोकात चक्कर मारली. तुझी चौकशी केली नाही. उगाच फुगू नकोस.

घरी येऊन बाबा यातलं अवाक्षर बोलले नाहीत. पण गेल्या आठवड्यात पिकअप पुसता पुसता विचारत होते, "विमानतळावरून येताना ऐन सिद्रचा फाटा त्याच्या लक्षात येईल का गं?" मी म्हटलं, "नाही यायचा. तुम्हालाच गाडी घेऊन जावं लागेल."

तेव्हापासून गाडी रोज धुतली जातेय.

तुझी वाट बघणाऱ्या अबू सुहैबची मुलगी,
नुसैबा