एका गुणासाठी भांडण

१२ जून

चि. बारक्यास, अनेक आशीर्वाद.

फोनवर रडू येतं, म्हणून लिहिते. तुझ्या दाजींना चष्म्याच्या दुकानातच झटका आला. गिऱ्हाइकाला खालची ओळ वाचायला सांगत होते आणि स्वतःचीच जीभ अडखळली. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. इस्पितळात नेहमीचे उपचार लगेच सुरू झाले. शिवाय तिथे एका नव्या औषधाची चाचणी चालली आहे, त्यात यांना घेऊ का असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. निम्म्या रुग्णांना औषध, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळालं हे डॉक्टरांनाही ठाऊक नसतं म्हणे. मी सही करून टाकली.

हातपाय हलताहेत, पण तोंडातून शब्द नाही. यांच्या वाट्याला पाणीच आलं असेल तर? माझं चुकलं का रे?

तुझी काळजीत पडलेली ताई

१६ जून

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं काही चुकलेलं नाही. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळतात, चाचणीतलं ते त्याच्यावर जादा. एवढी वर्षं औषधांचं दुकान चालवतोय, तेवढं मला कळतं. आता त्या रिकाम्या बाटलीला बोट लावून खारट लागतं का बघू नकोस, मी तुला ओळखून आहे. दाजी गप्प आणि तू रडतेस, तुमच्या घराची पार उलटापालट झाली आहे.

लोभ आहेच, जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा बारक्या (वजन विचारू नकोस)

२४ जून

चि. बारक्यास, आशीर्वाद.

बाटली मी आधीच मागितली होती. परिचारिकेने हाकलून दिलं.

हे आता बोलू लागले आहेत. चित्रं दाखवली की किल्ली, छत्री, घड्याळ, सगळं बरोबर सांगतात. मग डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट दाखवून नाव विचारलं, तर म्हणाले, 'अगं'. बाईंनी गुण कापला. मी चांगलीच भांडले. लग्न झाल्यापासून मी 'अगं' आणि हे 'अहो', मग उत्तर चूक कसं? बाई म्हणाल्या, पुढच्या तपासणीत पुन्हा विचारू. आता माझं नाव मीच यांच्याकडून घोकून घ्यायचं की काय? मला लाज वाटते.

ताई

२८ जून

ती. ताईस, सा. न.

एका गुणासाठी भांडणारी तू नव्हेस. दाजींना तुझं नाव खरंच आठवतं की नाही, याची धास्ती तू घेतली आहेस. घोकून घेऊ नकोस, म्हणजे खरं काय ते कळेल. काहीही निघालं तरी मी येतोच आहे.

बारक्या

४ जुलै

चि. बारक्यास, उदंड आशीर्वाद.

तुझं खरं होतं. मला झोप नव्हती.

काल पुन्हा तोच प्रश्न आला. हे माझ्याकडे बघून लाजले आणि 'अगं'च म्हणाले. बाई हुशार, त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी दाराला कान लावून उभी राहिले. आत यांनी माझं नाव घेतलं, अगदी सावकाश, आणि माहेरच्या आडनावासकट. वर बाईंना बजावलं की हिला सांगू नका.

औषध होतं की पाणी, ते चाचणी संपल्यावर कळवणार आहेत. मी म्हटलं, सावकाश कळवा. इतक्या वर्षांच्या संसारात यांच्या तोंडून माझं नाव काल पहिल्यांदा ऐकलं, तेही चोरून. यांना सांगू नकोस.

तुझी ताई