सर्टुइन आणि साबुदाणा

२ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांनी नापास केलं मला! रक्तगट जुळतो, किडन्या ठणठणीत, पण साखर काठावर आणि वजन जास्त. एप्रिलअखेर पुन्हा तपासतील. तोवर दोन्ही खाली आलं नाही, तर माझी किडनी रोहितला देता येणार नाही.

त्याच्याकडे बघवेना. धाकटा भाऊ, डायलिसिस करून थकलेला. त्याच्या बायकोचा रक्तगट जुळत नाही, लेकीचाही नाही. राहिले मीच! आणि हा शहाणा नाशिक रोडला इगतपुरीच्या गाडीत बसताना मला म्हणतो, ताई, आता तुझ्या वाटणीचे वडे मी खाणार.

४ फेब्रुवारी

निकिताचा पुण्याहून फोन. रोहितची लेक. सर्टुइन नावाच्या प्रथिनांवर पीएच.डी. करतेय. इतकी वर्षं मला ते नाव एखाद्या गोळीचं वाटायचं. आज नीट ऐकून घेतलं. आपल्या पेशींत ही सात प्रकारची असतात. सतत खात राहिलं की सुस्तावतात. खाणं कमी झालं की कामाला लागतात — साठवलेली चरबी काढ, साखर आवर, पेशींतली मोडतोड दुरुस्त कर. ती मंदावली की मधुमेह, हृदयविकार, किडनीचे आजार यांना वाव मिळतो, असं दिसतंय म्हणे. मग जरा हात राखून म्हणाली, हे बरंचसं उंदरांमधलं आहे, माणसांचं अजून पक्कं नाही.

पण उपास म्हणजे तर माझा हातखंडा! सोमवार, चतुर्थी, एकादशी — लग्नापासून एकही चुकवलेला नाही. माझे सातही जण कायमचे जागेच असणार. आता गुरुवारही धरते.

९ फेब्रुवारी

यांनी काळ्या द्राक्षांची पेटी आणली. काळ्या द्राक्षाच्या सालीत सर्टुइनला जागं करणारं काहीतरी असतं, असं यांना नोटांच्या प्रेसमध्ये, कामावर, कुणीतरी सांगितलं. निकिताला विचारलं. म्हणाली, तेवढं मिळवायला आख्खी बाग खावी लागेल, आणि साखर चढेल ती वेगळीच. यांचं तोंड एवढंसं झालं. पेटी शेजारीपाजारी वाटली. मी एकच घड खाल्ला. बरं, दोन.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

वजन वाढलं! चार-चार उपास करून वाढलं!

निकिता आली होती. मी ताट घेऊन बसले — साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, भगर, दाण्याची आमटी, शेंगदाण्याचे लाडू. तिने ताटातला एकेक पदार्थ बोटावर मोजला. शेवटी म्हणाली, "आत्या, तू रोज जेवतेस त्याच्या दुप्पट आहे हे. तुझी सर्टुइनं ढाराढूर झोपलीत."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. हसता हसता तिचे डोळे भरून आले. "बाबांना दुसरं कुणी नाही गं."

मी ताट बाजूला सारलं. इतकी वर्षं देवाच्या नावाने मी चंगळच करत होते की!

१८ फेब्रुवारी

निकिताने हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. खिचडी बंद. सातच्या आत जेवण, मग सकाळपर्यंत काही नाही. उपासालासुद्धा भाकरी, पालेभाजी, ताक. आणि चालायचं.

भाकरी खाऊन उपास — सासूबाईंना सांगायचं कसं? भीत भीत सांगितलं. ऐकून सरळ आत निघून गेल्या. मला वाटलं, रुसल्या. दिवेलागणीला स्वतः नागलीची भाकरी थापून ठेच्यासोबत पुढ्यात ठेवली.

"आमच्या माहेरी साबुदाणा कुणी पाहिला होता? पाण्यावर राहायचो. तू भावाला जीव द्यायला निघाली, देव काय भाकरीवर रुसतो व्हय? खाय गुमान."

मला रडूच आलं. तिखटाने आलं म्हटलं.

२ मार्च

होळी. मी पुरणपोळीकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. अर्धीच!

२२ मार्च

ब्लाउज सैल झाले. हे म्हणतात, तुझ्यामुळे आमचंही पोट गेलं, सातनंतर घरात कुणी वाढतच नाही. ही सर्टुइनची करामत, चालण्याची, की नुसत्या कमी खाण्याची? निकिताला विचारलं, तर म्हणते, एका आत्यावरून सिद्धांत मांडता येत नाही. मी म्हटलं, उंदरांपेक्षा तर बरी आहे!

२३ एप्रिल

सगळ्या तपासण्या झाल्या. रक्त काढताना रोहित शेजारी बसून माझी टिंगल करत होता. त्याचे पाय सुजलेत. निकाल उद्या.

२४ एप्रिल

पास! ऑपरेशन पुढच्या महिन्यात. घरभर फोन, हसणं, नुसती धांदल. सगळं शांत झाल्यावर रोहितचा फोन आला. "ताई, घाबरत नाहीस ना?" नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

साखर उतरवायच्या नादात माझं पोट कापणार आहेत, याचा मी विचारच केला नव्हता. फार भीती वाटतेय.

देणार आहे.