मयूर मोटारीचं तोंड कुठलं?

बंगलोर,
दिवाळीआधीचा रविवार, १९६३

तीर्थरूप खंडोजीमामांच्या पायांवर भाचा दामोदर डोकं ठेवतो. इकडे आम्ही सर्व आहोत. (पुढे ‘सुखरूप’ लिहायची पद्धत आहे, पण तुम्ही वडीलधारे, तुमच्याशी पहिल्याच ओळीत खोटं कशाला बोला.) तुमचा खोकला कसा आहे? तंबाखूच्या वखारीत बसणं कमी करा असं मी मागे लिहिलं होतं, त्यावर तुमचं जे उत्तर आलं त्यात सगळा मजकूर वखारीचाच होता, त्यावरून काय ते समजलो. मामींच्या दाढेचं काय झालं? म्हैस व्याली का? इकडे पाऊस थांबला आहे असं म्हणावं तर पडतो आणि पडतो म्हणावं तर थांबतो. आईला ही हवा रडकी वाटते. तिची तब्येत गुडघे सोडून बरी आहे, पण मन बरं नाही. तिच्या मनाला जे झालं आहे ते एका मोटारीमुळे झालं आहे आणि ते सविस्तर कळवावं म्हणून हा कागद घेतला.

तुम्हाला आठवत असेल, आमचे तात्या गेल्यावर आई बंगलोरला यायला तयार नव्हती. तिथे माझ्याशी बोलणार कोण, हा तिचा प्रश्न होता आणि तो खोटा नव्हता. शेजारच्या पद्मावतीअक्का प्रेमळ आहेत, पण कानडी बोलतात. त्या ‘ऊट आयता’ म्हणून जेवणाची चौकशी करतात आणि आई त्यांना गुडघ्यांचं सांगते. सून मराठी बोलते, पण हेमलता पडली पुण्याची, तिचं मराठी आईला वर्तमानपत्रातलं वाटतं. शेवटी तुम्हीच सांगितलंत की आपल्या गल्लीतली कृष्णाबाई मुलाकडे बंगलोरातच, चामराजपेटेत असते. त्या एका नावावर आईने निपाणी सोडली. आता आमची कारखान्याची कॉलनी गावाच्या एका टोकाला, मारतहळ्ळीच्या वाटेवर, आणि चामराजपेट पार दुसऱ्या टोकाला. मध्ये मार्केटात उतरून दुसरी बस धरायची, आणि इथल्या बसची पायरी आईच्या गुडघ्याच्या वर येते. म्हणून मी तिला शब्द दिला, की मोटारीसाठी नाव घातलं आहे, नंबर लागला की दर रविवारी तुला कृष्णाबाईंच्या दारात उतरवीन.

नाव घातलं होतं ते मयूर मोटारीसाठी. जुनी मयूर तुम्ही पाहिली आहे, निपाणीत डॉक्टरांकडे होती. पाठ गोल, दिवे गोल, पुढे जरासं पोट सुटलेलं. उभी असली की वाटे, कुणी सज्जन गृहस्थ जेवून ओट्यावर टेकले आहेत. त्या गृहस्थांसाठी मी वर्षानुवर्षं थांबलो. (आपल्या देशात मूल रांगायला लागलं की मोटारीसाठी नाव घालावं, म्हणजे त्याच्या लग्नापर्यंत पत्र येतं.) माझं पत्र आलं ते नेमकं कंपनीने जुना आकार मोडीत काढून नवा आणल्यावर. जाहिरातीत छापलं होतं, ‘मयूराने पिसारा फुलवला!’ पिसारा म्हणजे मागच्या अंगाला दोन्हीकडे वर काढलेले पत्र्याचे पंख. मोटार उडत नाही, मग पंख कशाला, याचा खुलासा जाहिरातीत नव्हता. पुढचं नाक कापून सपाट केलेलं, मागची डिकी बॉनेटइतकीच लांब, पुढे चार दिवे तर मागेही चार. रंगसुद्धा दोन, वर श्रीखंडाचा आणि खाली पुदिन्याच्या चटणीचा. एजंटाला विचारलं, जुन्या आकाराची एखादी निघेल का? तो म्हणाला, नको असेल तर सोडा, मागे रांग आहे. मी सोडली नाही. इतकी वर्षं रांगेत काढलेल्या माणसाला खिडकीतून यमपुरीचं तिकीट दिलं तरी तो ते खिशात घालतो.

गाडी कॉलनीत आली आणि कॉलनी दुभंगली. नव्या पक्षाचे पुढारी मल्लाप्पा. हे आमच्या रंगखात्यातले, मूळचे अथणीचे. घरात मराठी, दारात कानडी आणि कारखान्यात दोन्ही एकदम. त्यांनी गाडीभोवती पुरी प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “दामूअण्णा, जग पुढं चाललंय, स्वल्प आपण बी चालूया की!” (त्यांच्याकडे सायकल आहे.) जुन्या पक्षाचे देवाप्पा, भांडारातले. त्यांच्या मते ही मोटार नसून लोखंडी कपाट आडवं पाडलेलं आहे. (त्यांच्याकडे सायकलही नाही, ते मल्लाप्पांच्या सायकलवर मागे बसून कामावर येत.) ज्यांनी मोटार घेतली नव्हती आणि घेणारही नव्हते त्यांची मतं सर्वांत पक्की निघाली. कॅन्टीनमध्ये टेबलं वेगळी झाली. महाराष्ट्र मंडळात या विषयावर वाद ठेवला, तिथे मतं समसमान पडली, आणि अध्यक्षांनी आपलं मत द्यायचं ते चहा निवतोय म्हणून सभा संपवली. दुसऱ्या दिवसापासून देवाप्पा कारखान्यात चालत यायला लागले. एवढा लांबचा रस्ता, मल्लाप्पा शेजारून सायकल हळू चालवत होते, आणि दोघंही बोलत नव्हते. हे मी डोळ्यांनी पाहिलं.

घरातही तेच. हेमलता नव्या पक्षात. तिने पंखाला टेकून फोटो काढून घेतला आणि माहेरी पाठवला. आई जुन्या पक्षात. तिचं म्हणणं, जुन्या गाडीला चेहरा होता. ही गाडी म्हणजे ओळखीच्या माणसाने रस्त्यात बघून न बघितल्यासारखं करावं तशी बघते. मी कारखान्यात नकाशे काढतो, म्हणून दोन्ही बाजू माझा कौल मागत होत्या. माझं मत विचाराल तर दोन्ही पक्षांचं बरोबर आहे आणि गाडी वाईट आहे.

तरीसुद्धा आई बसली असती. चेहरा नसलेल्या माणसांबरोबर तिने पूर्वीही दिवस काढले आहेत (आत्याबाईंचं सासर आठवा). खरा घात खंडेनवमीला झाला. इकडे तिला आयुधपूजा म्हणतात आणि आपण कोयता-विळा पुजतो तशी हे लोक जे जे चाकावर चालतं त्याची पूजा करतात. पूजेशिवाय नव्या गाडीत पाऊल टाकायचं नाही असं आईने ठरवलं होतं आणि पूजा झाली की पहिली खेप कृष्णाबाईंकडे. त्यासाठी पहाटेपासून खपून तिने शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. नवं लुगडं नेसून डबा मांडीवर घेऊन ती ओट्यावर बसली होती. भटजी आले ते वावटळीसारखे, कारण सगळ्या कॉलनीची वाहनं त्यांना जेवणाआधी उरकायची होती. मी गाडी भिंतीकडे तोंड करून उभी केली होती. भटजींना रस्त्यावरून पंख दिसले, चार दिवे दिसले, चकचकीत पट्टी दिसली, आणि त्यांनी डिकीलाच गंध-कुंकू लावलं. डिकीला झेंडूची माळ घातली, डिकीला ओवाळलं, डिकीपुढे नारळ वाढवला आणि कोहळा फोडला. दोन्ही पक्ष हात जोडून उभे होते, एकालाही शंका आली नाही. मलाही आली नाही, मी डोळे मिटले होते. चाकांखाली लिंबं ठेवून झाल्यावर मी भक्तिभावाने आत बसलो, तर समोर भिंत.

पूजा झालेलं वाहन पहिल्यांदा पुढे जावं लागतं हे लहान पोरालाही ठाऊक आहे. पण पुढे जायला वाट नव्हती, म्हणून मी गाडी मागे घेतली. लिंबं फुटली, कोहळा चिरडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत आईचा आवाज आला, “दामू, गाडी उलटी का रे चालली?” मग सगळ्यांच्या ध्यानात आलं. देवाप्पा म्हणाले, जिथे देवाच्या माणसाला तोंड सापडत नाही तिथे आपली काय कथा. मल्लाप्पा म्हणाले, दोन्हीकडून पुजण्यासारखी गाडी देशात हीच एक. भटजींना मी म्हटलं, पुन्हा एकदा पुढून करा. ते म्हणाले, “देवरु एल्ला कडे इद्दारे, स्वामी”, म्हणजे देव सगळीकडे आहे, आणि ताट उचलून पुढच्या स्कूटरकडे गेले. आईने डब्याचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाली, “पाठीला कुंकू लावलेलं वाहन माणसाला नेतं, परत आणत नाही.” हे कुठल्या पोथीत आहे मला माहीत नाही. मला वाटतं तिने ते उभ्या उभ्या रचलं, पण एकदा तोंडून गेल्यावर ते तिचं तिलाच खरं वाटायला लागलं. डबा घेऊन ती आत गेली. पोळ्या आम्ही खाल्ल्या, चांगल्या झाल्या होत्या, पण कुणी तसं म्हटलं नाही.

त्यानंतर ती गाडीला शिवलेली नाही. आणि दसरा झाल्यावर निरोप आला की कृष्णाबाईंनी अंथरूण धरलं आहे. मी म्हटलं, चल. ती म्हणाली, ह्यातून नाही. मी म्हटलं, मग टॅक्सी आणतो. तर म्हणाली, दारात मोटार असताना भाड्याच्या गाडीतून उतरले तर ती काय म्हणेल, लेकाने मोटार स्वतःच्या फिरण्यासाठी घेतली म्हणेल. बसची पायरी चढवत नाही, टॅक्सी शोभत नाही आणि आमची गाडी परत आणत नाही. रोज संध्याकाळी ती ओट्यावर बसून गाडीकडे बघते, आणि गाडी दोन्ही अंगांनी तिच्याकडे बघते. मामा, मला फार वाईट वाटतं. मी तिला एकाच गोष्टीचा शब्द दिला होता. गाडी आली, पेट्रोल आहे, रस्ता आहे, आणि आई ओट्यावर.

बाकी ठीक. हेमलता तुम्हा उभयतांना नमस्कार सांगते. फोटो तुम्हालाही पाठवणार होती, मी थांबवलं. वखारीत कमी बसावं.

तुमचा,
दामोदर

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलं. आई देवाचं ऐकत नाही पण थोरल्या भावाचं ऐकते. तेव्हा तिला दोन ओळी लिहा, की निपाणीतही कुणी नवी मयूर घेतली आहे, आणि या आकाराची पूजा मागूनच करायची असते, तशी रीत आहे, तुम्ही स्वतः हजर होतात. थोडं खोटं लिहावं लागेल, पण पुण्य लागेल. आपल्या गुरवाचं नाव घातलंत तर अधिक चांगलं. जमल्यास परत टपाली.

ता. क. दुसरा (मंगळवार) : काल पाकीट टपालात टाकायला निघालो तेवढ्यात कृष्णाबाईंच्या मुलाने माणूस पाठवला. निरोप एवढाच होता, ‘आई विचारतेय, ठकू का येत नाही?’ आईला ठकू म्हणणारं इथे दुसरं कुणी नाही. आईने तो निरोप दारात उभ्यानेच ऐकला. आत जाऊन लुगडं बदललं, बाहेर आली आणि म्हणाली, “दार उघड.” कॉलनी बघत होती. मल्लाप्पा आणि देवाप्पा दोघंही होते.

कृष्णाबाईंची खाट खिडकीशी आहे. त्या फार वाळल्या आहेत, मी प्रथम ओळखलं नाही. खिडकीतून गाडी बघून त्यांनी पहिलं विचारलं, “ठकू, ही कसली गं गाडी? म्होरं कुठलं आन् मागं कुठलं?” आईचा एकदम पारा चढला. म्हणाली, “आमची हाय. नवी तऱ्हा हाय. तुला काय कळतंय त्यातलं?” कृष्णाबाई म्हणाल्या, डॉक्टरांची होती ती गाडी, तिला रूप होतं. आई म्हणाली, रूप काय चाटायचंय, ह्या पंखांमुळं लांबनं ओळखू येती. झालं, जुंपली दोघींची. महाराष्ट्र मंडळात एवढा मुद्देसूद वाद झाला नव्हता. कृष्णाबाईंच्या गालांवर जरा रंग आला. मग त्यांचा आवाज बसला आणि त्या डोळे मिटून नुसत्या पडून राहिल्या. तेव्हा आई त्यांचा हात धरून दोघींच्याही वतीने भांडत राहिली. आधी त्यांचं म्हणणं म्हणायची, मग त्यावर स्वतःचं उत्तर.

कृष्णाबाईंना तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं ते मी आईला सांगितलेलं नाही. तिने विचारलंही नाही. येताना ती माझ्याशेजारी पुढे बसली होती.

तेव्हा वरची विनंती रद्द समजा, काही लिहू नका. वखार मामींवर सोपवा, बेळगावला रेल्वेत बसा आणि या. मी स्टेशनवर येतो. काल रात्री जेवताना, ती भांडायला उठेल म्हणून मीच मुद्दाम म्हणून पाहिलं, की काही म्हण आई, जुनी मयूरच बरी होती. आई म्हणाली, असेल बाबा, तू म्हणतोस तर. मामा, लवकर या.