त्याच्या खिशात काय असतं?

बाई, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, आणि तुमच्या नाटकाच्या वर्गात मी बसायचो त्याला तर साठाच्या वर. तरी आज दुपारी कागद घेऊन बसलोय. जे सांगायचंय ते ऐकून घेईल आणि न ओरडता नेमका एकच प्रश्न विचारेल, असं दुसरं कुणी मला आठवेना.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आपल्या हॉलमधले बाक भिंतीला लागायचे आणि तुम्ही पदर खोचून सतरंजीवर बसायचात. आठवडाभर तुम्हीच आम्हाला मराठी शिकवायचात. तुम्ही चालीवर कविता म्हणायला लागलात की बाहेरचा टांगासुद्धा हळू झाल्यासारखा मला वाटायचा. कवितांमध्ये मी तुमचा लाडका. त्यामुळे नाटक म्हणजे आणखी एक कविता, आवाज जरा चढवला की झालं, अशी माझी समजूत. ती तुम्ही पहिल्याच महिन्यात मोडलीत. "एका माणसाकडे आठवडाभर बघा. त्याच्याजवळ जे असेल ते पिशवीत भरा आणि त्याच्यासारखे चालत आत या," तुम्ही सांगितलंत. मी शाळेचा शिपाई निवडला. डोक्याला टोपी, हातात किल्ल्यांचा जुडगा, पाय फेंगडे. पोरं हसून लोळली. तुम्ही मात्र विचारलंत, "किल्ल्या सगळ्यांनाच दिसतात. त्याच्या खिशात काय असतं?" मला ठाऊक नव्हतं. "मग टोपी बघितलीस रे तू. माणूस नाही बघितलास." सोमवारी मी शिपायालाच विचारलं. त्याने खिशातून पाटीवरच्या पेन्सिलींचे तुकडे काढून दाखवले. वर्ग झाडताना सापडायचे, ते तो लेकीसाठी घरी न्यायचा.

दुसरा शनिवार जास्त आठवतो. मी बाप झालो होतो आणि माझ्याच वर्गातला एक मुलगा उशिरा घरी येणारा लेक. हाच मुलगा माझ्या ठिगळाच्या चड्डीवरून रोज मला चिडवायचा. बाप म्हणून मी त्याचा कान असा पिरगळला की त्याच्या डोळ्यांत खरं पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही वाजवल्या नाहीत. मला जवळ बोलावून हळूच विचारलंत, "कान पिरगळला तो बापाने, का तू?" मी खाली मान घातली. "पात्राच्या आड उभं राहून आपलं काम करून घ्यायचं नाही. चोरी आहे ती." एवढंच बोललात आणि सतरंजी गुंडाळायला लागलात.

पुढे मी काही नट झालो नाही. कचेरीत टेबल सांभाळलं, लग्न केलं, संध्याकाळी नदीच्या काठाने फिरताना तुमच्या कविता पुटपुटत राहिलो. तुमचा व्यायाम पुन्हा उपयोगी पडेल, तोही असा, हे मनात आलं नव्हतं.

तीन वर्षं झाली, माझी बायको एकेक गोष्ट विसरत चालली आहे. आधी कुकरच्या शिट्ट्या, मग घरचा रस्ता, आणि गेल्या पावसाळ्यात मी. "कोण पाहिजे आपल्याला?" असं ती मला विचारते, दारातल्या परक्याला विचारावं तसं, अदबीने. राहिलाय फक्त तिचा दादा. येवल्याला हातमागावर पैठण्या विणायचा. त्याला जाऊन बारा वर्षं झाली. पण ती सकाळपासून विचारत असते, "दादा आला नाही अजून?" मी सुरुवातीला खरं सांगायचो. अगं, दादा गेला. ते ती दर वेळी पहिल्यांदाच ऐकायची, कपाळ बडवून घ्यायची, आणि तासाभराने पुन्हा विचारायची. बाई, एकाच माणसाच्या मृत्यूची बातमी मी तिला एका दिवसात चार वेळा दिलेली आहे. तिची देखभाल करायला पेठ तालुक्याकडच्या एक मावशी येतात. त्या शेवटी मला म्हणाल्या, "बाबा, पुरं करा ना आता. किती वेळा मारनार त्या दादाला?"

तेव्हा मी तुमची पिशवी काढली. दादाला मी जवळजवळ चाळीस वर्षं ओळखत होतो, पण भरायला बसलो तर पिशवी रिकामी. तो भाऊबीजेला यायचा तेव्हा मी पेपर वाचत बसलेला असायचो. म्हणून येवल्याला त्याच्या मुलाला फोन लावला. "तुझ्या वडिलांच्या खिशात काय असायचं रे?"

तो हसला. "आतोबा, आज हे काय मधीच? लय काय नाय. चुन्याची डबी, रेशमाची गुंतवळ. अन् लिमलेटच्या गोळ्या."

"गोळ्या कशाला?"

"आत्यासाठी ना. आत्या साठीची झाली तरी चुकवल्या नाय त्यांनी."

चाल मी आरशासमोर बसवली. जन्मभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस उठताना आधी गुडघ्यावर हात ठेवतो, मग कंबर सरळ करतो, आणि पहिली दोन पावलं कुणाची तरी परवानगी घेतल्यासारखी टाकतो. तुम्ही म्हणायचात, वजन कुठे आहे ते शोध. दादाचं गुडघ्यांत होतं. त्याचा काळा कोट आमच्याकडे राहिलेला होता, तो घातला, पांढरी टोपी घातली आणि बाहेर जाऊन स्वतःच्याच घराची बेल वाजवली.

"काय गं चिमणे," मी म्हणालो. तो तिला हेच म्हणायचा.

"किती वाट बघायला लावतोस रे!" ती म्हणाली, आणि न विचारता तिचा हात सरळ माझ्या कोटाच्या खिशात गेला.

बाई, आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. तो हात माझ्या खिशात असा कधी आला नव्हता.

मग रोजच सुरू झालं. मावशी सकाळी चपला काढता काढता विचारतात, "आज कोन, बाबा? दादा का साहेब?" आणि मी म्हणतो, दादा. दादा आला की ती दोन घास जास्त जेवते. दादाचा हात धरून बसते. हे मी तिच्यासाठी करत होतो, तोवर ठीक होतं. पण दिवाळीनंतर एका दुपारी, तिचा हात हातात असताना, मी दादाच्या आवाजात विचारलं, "चिमणे, नवरा कसा आहे गं तुझा?"

कान पिरगळलाच मी पुन्हा.

तिने गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. मग म्हणाली, "वाईट नाहीत रे. पण काही सांगायला गेलं की कविता म्हणतात. आई गेली तेव्हासुद्धा म्हटली. छान म्हणतात. मला वाटायचं, नुसतं जवळ बसावं." मग माझ्या कोटाची बाही सारखी करत म्हणाली, "तू त्यांना बोलू नकोस हं काही. मनाला लावून घेतात."

सासूबाई गेल्या तो दिवस मला आठवतो. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती, पातेल्यातलं दूध उतू जात होतं, आणि मी दारात उभा राहून तुम्ही शिकवलेली कविता म्हणत होतो, सगळी कडवी, एकही शब्द न चुकता. ती वळली नाही. मला वाटलं होतं, कविता तिच्यापर्यंत पोचली.

आता मंगळवारचं सांगतो. मी कोट घालून तिच्यासमोर बसलो होतो. मावशी खिडकीपाशी मेथी निवडत होत्या. ती माझ्याकडे बघत राहिली. टोपीकडे नाही, कोटाकडे नाही, डोळ्यांत. आणि म्हणाली, "अहो." नऊ महिन्यांनी. मग पुन्हा, जरा घाबरून, "अहो, तुम्हीच ना?"

टोपी काढून हो म्हणायचं होतं फक्त. पण टोपी काढल्यावर पुढे काय बोलायचं, हात कसा धरायचा, मला सुचेना. दादाचं सगळं मी बसवलं होतं. तिच्या नवऱ्याचं काहीच बसवलेलं नव्हतं. मी गुडघ्यावर हात ठेवला, कंबर सरळ केली आणि म्हणालो, "अगं, मी दादा. काय गं चिमणे?"

तिच्या डोळ्यांतलं ते गेलं. जाताना दिसलं मला. मग हात खिशाकडे आला.

मावशी मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "बाबा, आजी अहो म्हनली. ऐकलं का तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

तुम्ही काय विचाराल ते मला माहीत आहे, आणि उत्तरही माहीत आहे. ते 'दादा' मी माझ्यासाठी म्हणालो. तिला दादा आवडतो, म्हणून मला दादाच राहायचं होतं.

उद्या सकाळी कोट घालायचा की नाही हे अजून ठरवलेलं नाही, असं शेवटी लिहिणार होतो. पण ते खरं नाही, बाई. खाली जाऊन गोळ्या आणून ठेवल्या आहेत.