कॉलिनचा उजवा हात

मी, नीलांबरी कॉलिन ट्रेव्हर्स, माहेरची वासनिक, राहणार नोव्हाय, मिशिगन, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाविना हे मृत्युपत्र लिहिते. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. अंमलबजावणी माझा धाकटा भाऊ धम्मदीप करील.

१. माझे दिवंगत पती कॉलिन ऑस्ट्रेलियाचे लेगस्पिनर होते. नागपूरच्या सामन्यात त्यांचा खांदा दुखावला, तेव्हा मी तिथे फिजिओथेरपिस्ट होते. "मॅडम, उद्यापुरता हा खांदा चालवून द्या," म्हणाले. मी दिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी भारताचीच फलंदाजी कापून काढली. माझे बाबा कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कॉलिनची हिरवी टोपी आणि त्या सामन्यातला स्टंप इथल्या क्रिकेट क्लबला द्यावेत.

२. चांदीचा ट्रे भंगारात द्यावा. खांद्याच्या ऑपरेशननंतर ज्या निवड समितीप्रमुखाने आमच्या घरी चहा पिऊन दुसऱ्याच दिवशी कॉलिनना वगळलं, त्याची ती भेट. कॉलिन गावोगावच्या मैदानांवर खेळले, चेंडूला जास्त उंची द्यायला शिकले आणि परत येऊन शेवटची मालिका जिंकून दिली. मग ट्रे आला.

३. माझ्या नोकरीसाठी आम्ही नोव्हायला आलो. इथेच त्यांना पक्षाघात झाला. उजव्या हाताला टाचणी टोचली तरी कळत नसे. पण तळव्यात चेंडू ठेवला की बोटं आपोआप शिवण शोधत. कॉलिन घाबरले. "नीला, हे मी करत नाहीये. काढ तो." मी काढला. तरी हात चादरीवर वळतच राहिला. सहा वेळा वळायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. डॉक्टर म्हणाले, स्नायूंचे झटके. झटके मी आयुष्यभर पाहिलेत. तो हात ओव्हर टाकत होता.

४. राहतं घर आणि बँकेतील सर्व शिल्लक मुलगा केदार याला. त्याने जन्मात चेंडू धरला नाही. वडील सतत दौऱ्यावर, म्हणून क्रिकेटवरच राग. कॉलिनच्या अंत्यसंस्कारानंतर तो किचनमध्ये संत्रं हातात घेऊन बसला होता. एकाएकी त्याचं मनगट वळलं. संत्रं टेबलावर टप्पा घेऊन सरळ गेलं नाही, कपाला वळसा घालून माझ्यापुढे आलं.

"मॉम, दॅट वॉजन्ट मी." मग कितीतरी वर्षांनी मराठीत, "आई, बाबा माझ्या हातात आहेत का?"

तो त्याच दिवशी आपल्या घरी, क्युपर्टिनोला परतला, पुन्हा आला नाही. व्हिडिओ कॉलवर उजवा हात टेबलाखाली ठेवतो.

५. कॉलिनचा शेवटचा चेंडू, आजारपणात तळव्यात ठेवलेला, तोही केदारलाच. बाळा, घर विकायचं तर खुशाल विक. चेंडू मात्र एकदा हातात घे. तुझ्या लहानपणी बाबा घरी नव्हते. आता उशिरा का होईना, तुझ्याकडे आलेत. त्यांना दारात उभं ठेवू नकोस.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, खालील दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आहे.

सही: नीलांबरी ट्रेव्हर्स
साक्षीदार: सत्यजित बारलिंगे (सही), उपासना मेश्राम (सही)
नोव्हाय, १२ नोव्हेंबर २०२४