टीव्हीचा तक्ता

ट्रॉय, मिशिगन
१९ जानेवारी

ती. आईंस,
सा. नमस्कार.

आम्ही तिघं ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? इथे बर्फ थांबायचं नाव घेत नाही. सत्यजित रोज सकाळी ड्राइव्हवे साफ करतो आणि रोज कंबर धरून आत येतो. तुम्ही ठेवून गेलेलं मेतकूट परवा संपलं.

फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणता आणि फोन तुमच्या मुलाकडे द्यायला सांगता. म्हणून लिहितेय.

नकुल आता पावणेतीन वर्षांचा झाला. बोलणं तुम्ही इथे होतात तेव्हा होतं तसंच. म्हणजे टीव्हीतलं सगळं येतं: वीसपर्यंत आकडे, सगळे रंग, ‘डोन्ट फरगेट टू सबस्क्राइब!’ पण तहान लागली की माझा हात धरून नळापाशी ओढत नेतो. हाक मारली तर वळत नाही. कान तपासले, उत्तम आहेत.

डिसेंबरात स्पीच थेरपिस्टकडे नंबर लागला. मोनाली म्हणून नागपूरची मुलगी आहे. तिने एक तक्ता दिला. आठवडाभर टीव्ही कधी लावला आणि का लावला, ते लिहायचं. मी प्रामाणिकपणे भरला. आठ वाजता, माझी मीटिंग. साडेदहाला, मीटिंग. जेवताना, कारण त्याशिवाय तोंड उघडत नाही. चार वाजता, मी दमले. रोजचे सहा-सात तास झाले.

मोनालीने तक्ता पाहिला. म्हणाली, “घरात याच्याशी बोलतं कोण?”

“आजी बोलायची. मराठीत.”

“दोन भाषांनी काही बिघडत नाही हो. मग त्या बोलायच्या का थांबल्या?”

मी तक्त्याची घडी घालत बसले.

आई, ऑगस्टमध्ये मी तुम्हाला म्हटलं होतं, डॉक्टर सांगतात दोन भाषांनी पोराचा गोंधळ होतो, त्याच्याशी मराठी बोलू नका. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं आणि मला ते सोयीचं वाटलं. तुम्ही त्याच्याशी खेळायला टीव्ही बंद करायचात, तो भोकाड पसरायचा आणि माझ्या कॉलवर ऐकू जायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली मी. तुम्हाला इंग्लिश येत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? दीड महिना तुम्ही त्याच्याशेजारी सोफ्यावर तोंड मिटून बसलात, आणि मग तिकीट अलीकडचं करून घेतलंत. सत्यजितला वाटत होतं, तुम्हाला थंडी सोसणार नाही म्हणून गेलात. हे पत्र आधी त्याला वाचायला देऊन मगच पोस्टात टाकतेय.

टीव्ही बंद करून तीन आठवडे झाले. पहिले चार दिवस त्याने घर डोक्यावर घेतलं. सकाळच्या मीटिंगा मी सोडल्या, मॅनेजर नाराज आहे. असू दे.

काल वरणभाताची वाटी रिकामी झाली, तेव्हा नकुलने दोन्ही हात पालथे करून म्हटलं, “शंपलं!” इथे आलात तेव्हा सुरुवातीला तुम्ही त्याला रोज भरवताना करून दाखवायचात, तसंच. मग वाटी घेऊन सोफ्याकडे गेला, तुमच्या जागेसमोर उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला. तिथे कुणी नव्हतं. मला फार लाज वाटली.

एप्रिलमध्ये बर्फ जातो. या, असा आग्रह करायचा हक्क मी घालवलाय. पण आलात तर त्याच्याशी मराठीतच बोला. आणि मला जे बोलायचं असेल तेही बोला, मी ऐकेन.

तुम्हाला गप्प बसवणारी,
देवयानी