बॅजवरची सावली

१२ ऑक्टोबर, सोमवार

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझी तीन पत्रं उत्तराविना पडली, म्हणून रुसली असशील. रूस, हक्कच आहे तुझा, पण आधी हे वाच.

मला चौथा महिना लागलाय. मागच्या वेळी सगळ्यांना लवकर सांगून बसले आणि पुढे काय झालं ते तू पाहिलंस. म्हणून या खेपेला तोंड शिवून ठेवलं होतं.

आम्हा एक्स-रे काढणाऱ्यांच्या कोटाला एक बॅज असतो. अंगावर किती किरणं पडली ते त्यातल्या फिल्मवर उमटतं, आणि दर तीन महिन्यांनी ती तपासायला जाते. या वेळचा माझा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर निघाला. तू वर्गात अणू शिकवतेस, तुला काय सांगायचं? मधे प्रोटॉन-न्यूट्रॉनचं केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन. आमची किरणं केंद्रकाच्या वाटेला जात नाहीत, पण इलेक्ट्रॉन उडवून लावतात. मोठ्या माणसाचं निभावतं. तेव्हा वाटाण्याएवढ्या असलेल्या जिवातले किती उडाले असतील, हाच विचार मी भांडी घासतानाही करत राहिले.

शुक्रवारी तपासणीचे साहेब आले. मख्ख चेहऱ्याने म्हणाले, "बाई, तुमच्या गळ्यात हूक आहे का?"

फिल्मवर हूकची सावली होती. लोखंडाच्या अणूत इलेक्ट्रॉनची दाटी, त्यामुळे किरणं तिथे अडलेली. माणूस हलतो तशी सावली पसरते; ही अगदी रेखीव होती. तेव्हा कुठे मला आठवलं. उलट्यांमुळे पंधरा दिवस रजेवर गेले, तेव्हा बॅजसकट कोट मशीनच्या खोलीतच भिंतीवरच्या लोखंडी हूकला टांगून आले होते. किरणं खाल्ली ती कोटाने. एरवी मी शिशाच्या आडोशामागेच असते.

स्टुलावर बसून आधी हसले, मग रडले. साहेबांनी निष्काळजीपणावर दहा मिनिटं सुनावलं. इतकं गोड बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

आता यांनाही ठाऊक नाही ते सांगते. मी उद्याची वेळ घेतली होती, गर्भ काढून घ्यायला. मावशीकडे जाते म्हणून घरातून निघणार होते. तुला लिहायला बसलं की तेच कागदावर उतरू पाहायचं, म्हणून लिहिलंच नाही. यांना मीच सांगेन, तू बोलू नकोस.

आज सकाळी फोन करून वेळ रद्द केली. पलीकडच्या बाईंनी कारण विचारलं. मी म्हटलं, "आम्हाला हे बाळ हवंय." इतके दिवस हे एवढं वाक्य मी मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलेली,
तुझी ताई